मधेच बसला, का संपवून?

आमच्या घराण्याला गावात एक मान होता, आणि तो ज्याला मिळाला त्याचे गुडघे गेलेच म्हणून समजा. गाव डाळजच्या अलीकडं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. चैत्रात शिवेवरच्या म्हसोबाची जत्रा भरायची आणि घरटी एक बोकड पडायचं. त्या सगळ्या बोकडांवर पहिली सुरी आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं चालवायची. पणजोबांनी चालवली, आजोबांनी चालवली, आणि मला कळायला लागल्यापासून तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्या दिवशीच्या रश्श्याचं काय सांगू! वास असा सुटायचा की सोलापूरकडं निघालेले ट्रक हायवे सोडून आपोआप गावात वळायचे. ड्रायव्हर बिचारे शपथेवर सांगायचे, आम्ही स्टेअरिंगला हातसुद्धा लावला नाही.

मान म्हटला की नियम आले. मानकऱ्यानं सकाळी अंघोळ करून आधी स्वतःसाठी एक कोंबडा द्यायचा. "आदी आपली घान धुवायची, मग गावाची," असं तात्या म्हणायचे. मग एकेका घराचं बोकड पुढं यायचं. त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडायचं आणि सगळ्यांनी श्वास रोखून बघत राहायचं. बोकड थरथरलं, की त्यानं होकार दिला. मगच सुरी. एखादं बोकड असं निगरगट्ट निघायचं की घागर ओतली तरी ढिम्म. एका बोकडानं तर इतका वेळ लावला की त्याच्या मालकाच्या मिशा पांढऱ्या झाल्या. सकाळी तो काळ्या मिशांनी आला होता, मी स्वतः पाहिलेलं आहे.

पण सगळ्यांत कडक नियम निराळाच होता. शेवटच्या घराचं काम होईपर्यंत मानकऱ्यानं बूड टेकायचं नाही. खाटेवर नाही, ओट्यावर नाही, भुईवर तर नाहीच. काम चालू आहे तोवर माणूस उभा. तो बसला की काम तिथंच थांबलं, आणि ज्यांची घरं राहिली त्यांची म्हसोबाकडची वर्षाची राखण राहिली. आता गाव काय, वाढतंच. भाऊ वेगळे निघाले, चुली वाढल्या, बोकडं वाढली. तात्या या पायावरचा भार त्या पायावर टाकत उभे. फुगवट्यात फ्लेमिंगो येतात, तेही असेच दिवसभर पाण्यात एका पायावर उभे असतात. त्यांच्याकडं बघून तात्या एकदा म्हणाले, "ह्यांच्यात बी मान असंल कुनाचा तरी."

पुढचा वारस मी. तात्यांनी मला आधी दुधी भोपळ्यावर शिकवलं. भोपळा मी एका घावात उडवायचो. अख्ख्या इंदापूर तालुक्यात माझ्यासारखा भोपळा कापणारा नव्हता. मग त्यांनी हातात कोंबडा दिला. कोंबड्यानं मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं आणि मी आडवा झालो. त्या कोंबड्यानंच मला पाणी पाजलं असं गावात अजून सांगतात. साफ खोटं आहे. पाणी आईनं पाजलं. कोंबडा नुसता शेजारी उभा होता.

"असलं दिवटं पोटाला आलं," आई बायाबापड्यांना सांगायची. "म्हनलं बायको तरी धडाची करून आनंल, तर ती बी बारामतीची आनली, प्रार्थना करनारी."

ते मात्र खरं. माझी बायको बारामतीतल्या ख्रिस्ती घरातली. तात्यांनी लग्नाला एकच अट घातली. "सूनबाई, तुजा देव तुज्यापाशी, आमचा आमच्यापाशी. जत्रेच्या कामात तोंड घालायचं न्हाय." तिनं कधी घातलं नाही. मी मात्र तिच्या मागोमाग रविवारी बारामतीला जायला लागलो. पहिल्यांदा नाताळच्या केकसाठी गेलो, हे तिलाही ठाऊक आहे. केक वर्षातून एकदाच असतो हे लक्षात येईपर्यंत तिथलं बोलणं कानातून खाली उतरून मुरलं होतं. तात्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "जा. पर माज्यामागं सुरी कोन धरनार, त्येवढं तुज्या देवाला इचारून ये."

मी काही विचारलं नाही. तो "तूच" म्हणाला असता तर काय घ्या?

मग ते साल आलं. चैत्राचं ऊन असं होतं की फुगवट्यातले मासे सावलीला म्हणून काठावरच्या बाभळीखाली येऊन थांबले होते. दुपार कलली. शेवटची मोजकी घरं राहिली होती. तात्यांनी पुढच्या बोकडावर पाणी शिंपडलं, आणि बोकड थरथरायच्या आधी तात्याच थरथरले. हात छातीवर गेला आणि ते मटकन खाली बसले.

माणसांनी उचलून इंदापूरला नेलं. जीव वाचला. ऊन लागलं असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि घरी सोडलं. तोवर राहिलेल्या घरांनी आपापली बोकडं आपणच कापली होती, शिजवली होती, खाल्ली होती, आणि हात धुतानाच विसरूनही गेली होती. तात्या विसरले नाहीत.

"मी मधीच बसलो," ते घरी आल्या आल्या म्हणाले.

"बसला न्हाईसा, पडला," आई म्हणाली.

"बूड टेकलं का न्हाय?"

"टेकलं."

"मग बसलो."

आणि त्या घडीपासून त्यांनी बसणं सोडलं. त्यांचा हिशेब सरळ होता. काम पुरं झालेलं नाही, म्हणजे तो दिवस संपलेला नाही, म्हणजे मानकरी उभा पाहिजे. पुढच्या चैत्रात राहिलेल्या घरांचं आधी उरकायचं, मगच टेकायचं. तुमचा यावर विश्वास बसणार नाही. नका बसू देऊ, तेव्हा आमच्या घरात काहीच बसत नव्हतं.

झोपायची परवानगी त्यांनी स्वतःला दिली होती, पण कुशीवर, कारण उताणं झोपलं की बूड टेकतं. परसाकडं उकिडवं व्हायला हरकत नव्हती, कारण तिथं ते अधांतरी असतं. असली कलमं दिल्लीच्या वकिलांना सुचायची नाहीत. ताट कोनाड्यात ठेवून जेवायचे. न्हावी स्टुलावर चढून त्यांचे केस कापायचा. एसटी रिकामी असली तरी तात्या दांडीला धरून उभे. कंडक्टरला वाटायचं तपासनीस आलेत, तो घाबरून स्वतःच उभा राहायचा. असे एकदा दोघं आख्ख्या मोकळ्या गाडीत एकमेकांकडं बघत इंदापूरपर्यंत उभे गेले.

गाव हसलं. आधी मीही हसलो. मग राहिलेल्या घरांपैकी एकाच्या डाळिंबावर तेल्या पडला. फळावर तेलकट डाग येतात आणि बाग बघता बघता जाते. ती बाग तात्यांच्या जुन्या दोस्ताची, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं. त्या साली अर्ध्या तालुक्यात तेल्या होता, पण तात्यांना एकच बाग दिसत होती. नंतर दुसऱ्या एका राहिलेल्या घरची म्हैस गाभडली, रेडकू पोटातच गेलं. तात्यांनी त्या दिवशी भाकरी मोडली नाही. पुढं पुढं त्या घरांतलं कुणी शिंकलं तरी ते मला विचारायला लावायचे, साधं शिंकलं की जोरात शिंकलं. "माज्यामुळंच," म्हणायचे, आणि भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे.

दसरा झाला आणि त्यांना दोन पावलं टाकली तरी दम लागायला लागला. बारामतीला दाखवायचं ठरलं. गाडीत बसणार कोण? शेवटी आमचा भाजीचा टेम्पो काढला. मागं हौद्यात, केबिनच्या दांडीला धरून, पटका बांधून तात्या उभे. भिगवण सोडलं आणि रस्त्यावरची माणसं त्यांना हात जोडायला लागली. कुणीतरी निवडणुकीला उभं राहिलंय असं वाटलं त्यांना. एका वस्तीवर तर टेम्पो अडवून हार घातला आणि पाण्याची टाकी मागितली. तात्या म्हणाले, "बघतो."

डॉक्टरांनी तपासलं आणि हसू पळालं. हृदयाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. छाती उघडून ऑपरेशन करायचं, आणि लवकर.

"घाबरू नका, बाबा," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दुसऱ्याच दिवशी पेशंटला खुर्चीत बसवतो."

"बसिवता?"

"बसवावंच लागतं. फुप्फुसं मोकळी होतात."

"मग चैत्रानंतर बगू," तात्या म्हणाले आणि दाराकडं वळले.

डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "चैत्र यांना दिसेल असं धरून चालू नका."

येताना टेम्पो मी चालवला. आरशात तात्यांचं धोतर फडफडताना दिसत होतं. गळ्यात तो हार तसाच होता. मला आयुष्यात पहिल्यांदाच काही वाढवून सांगायला सुचेना.

आईनं रडून पाहिलं. भावकीनं समजावून पाहिलं. मी तर म्हणालो, चैत्रात सुरी मी धरतो, पण आत्ता ऑपरेशन करून घ्या. तात्यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. "तू भोपळ्याचा मानकरी हायेस, बाळा," म्हणाले.

आमचं ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे. माल तोडून आणला की शेजारच्या पत्र्याच्या शेडात निवड चालते. एका दुपारी तात्या टेबलापाशी उभे राहून मिरची निवडत होते, बायको समोर उलट्या क्रेटवर बसून डागी फळं बाजूला काढत होती, आणि मी वजनकाट्यावर होतो.

"तात्या, तुमची अट मी आज मोडणार आहे," बायको म्हणाली.

"मोड. आता मोडायचं र्‍हायलंय काय."

"आमच्या शास्त्रात तुमच्यासारखेच मानकरी आहेत. याजक म्हणतात त्यांना. आधी तंबूत काम चालायचं त्यांचं, मग देवळात. रोज सकाळी एक कोकरू, रोज संध्याकाळी एक. शिवाय लोक आणतील ते बैल, बोकड वेगळे."

तात्यांच्या हातातली मिरची हातातच राहिली. "रोज? मंग त्यांचं गुडगं?"

"गेलेच असतील."

"आरारा," तात्या म्हणाले. इतकं कळवळताना मी त्यांना सख्ख्या भावासाठीही पाहिलं नव्हतं. "आन वरसाचं काय व्हतं का?"

"होतं ना. वर्षातून एकदा सगळ्यांत मोठा याजक पडद्याच्या आत, देवाच्या खास जागी जायचा, एकटा. आधी स्वतःसाठी बैल द्यायचा, मग लोकांसाठी बोकड."

"आदी सोतासाटी! ऐकलंस का रं?" हे मला. "आपला कोंबडा, त्यांचा बैल. मोठी मान्सं. बाकी कायदा त्योच."

"आणि त्या देवळात कुठंच बसायला काही नव्हतं," बायको म्हणाली. "दिवा होता, भाकरी ठेवायचं मेज होतं, धूप जाळायची जागा होती. बैठक नव्हती."

"असंल कशी? काम चालू असतंय."

"तेच म्हणते मी. काम संपायचंच नाही. आज दिलं, उद्या परत द्यायचं. या वर्षी दिलं, पुढच्या वर्षी परत. तो याजक मेला की त्याचा मुलगा उभा राहायचा."

तात्यांनी सावकाश माझ्याकडं पाहिलं. "आन त्यो भोपळ्याचा निगाला मंजे?"

"मग पंचाईतच."

मी वजनकाट्याची तबकडी पुसायला लागलो. ती स्वच्छच होती.

"मग येशू आला," बायको म्हणाली. "तो त्या घराण्यातला नव्हता."

"मंजे मान नव्हता त्येला?"

"माणसांनी दिलेला नव्हता. देवानं दिला, आणि कायमचा दिला. तो मेला आणि उठला, आता परत मरायचा नाही. त्यामुळं त्याच्यामागं कोण, हा प्रश्नच उरला नाही."

हे मी बारामतीत कितीतरी रविवारी ऐकलं होतं. मान डोलावली होती, आणि एकदोनदा डुलकीही काढली होती. पण त्यात माझी सुटका लिहिलेली आहे, हे त्या पत्र्याच्या शेडात, हातात फडकं असताना कळलं. वारस नको होता कुणाला! माझ्या मानगुटीवरून एक आख्खा बैल उतरला. तो इतका मोठा होता की उतरताना शेडचा पत्रा वाजला. बायको म्हणते वारा होता.

"आदी सोतासाटी काय दिलं त्येनं?" तात्यांनी विचारलं. आता ते दोन्ही हात टेबलावर टेकून पुढं वाकले होते.

"काही नाही. त्याच्यापाशी धुण्यासारखं काही नव्हतंच."

"आन लोकांसाटी? बोकड कुटनं आनलं?"

"बोकड नव्हतं, तात्या. तो स्वतःच होता."

"मंजे द्येनारा बी त्योच आन जानारा बी त्योच?"

"हो."

तात्यांनी टेबलावरची एक मिरची उचलून फिरवून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "थरथरला का?"

बायकोनं हातातलं डागी फळ खाली ठेवलं. हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. मग म्हणाली, "थरथरला. त्याला धरायला माणसं यायची होती, त्याच्या आधी बागेत. घामानं भिजला होता. हे टळेल का, असं त्यानं बापाला, म्हणजे देवाला विचारलं. आणि मग म्हणाला, तुझ्या मनात आहे तसं होऊ दे."

"समजून म्हनला?"

"सगळं समजून."

तात्यांनी मिरची खाली ठेवली. "बोकडाला काय कळतंय, सूनबाई," ते म्हणाले. "पानी गार लागतंय म्हनून थरथरतंय. जल्मभर बगतोय मी. आमी म्हनायचं, व्हय म्हनला. कुनी म्हनलेलं न्हाय. एकानं बी न्हाय."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही नाही, कारण दाराशी चहा घेऊन आलेली आई तिथंच थबकली होती.

"आन मग?" तात्या म्हणाले.

"मग एकदाच झालं ते. परत नाही. माणसांनी बांधलेल्या देवळात तो गेला नाही. वर गेला, देवापुढं. आणि तिथं बसला."

"बसला?"

"देवाच्या उजव्या हाताला."

तात्या ताठ झाले. "सूनबाई, नीट सांग. मधीच बसला, का संपवून?"

"संपवून, तात्या."

"घरं किती र्‍हायली?"

"एकही नाही."

"आमच्या गावातली धरून?"

"धरून."

"त्ये आबाचं..."

"धरून, तात्या. म्हणून तर बसला. राहिली असती तर उभाच असता."

आईनं चहा तसाच हातात धरला होता. चहावर साय धरली.

"आता काय करतोय तितं?" तात्यांनी विचारलं.

"आपल्यासाठी बापापाशी बोलतोय. सारखा."

"बसल्या बसल्या?"

"बसल्या बसल्या."

तात्यांनी यावर नीट विचार केला. धंद्यातल्या माणसानं करावा तसा. "जमतंय," ते म्हणाले. "कापायला हुबं र्‍हावं लागतंय. बोलायला बसून जमतंय."

"मग आवं, तुमी बी बसा की आता," आई दारातून म्हणाली.

"थांब. इचार करू दे."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन आबांच्या घरी गेले. आबा ओसरीत सुतळी वळत बसले होते. तात्या उंबऱ्यापाशी उभे.

"आबा, तुमचं र्‍हायलं माज्यामुळं."

"काय र्‍हायलं?"

"राखन. जत्रेची. मी मधीच बसलो."

आबांनी सुतळी खाली टाकली. "तात्या, डोस्कं ठिकानावर हाय का? आमी कापलं की! वाईच वातड लागलं, येवडंच. आन तेल्या म्हनशील तर सगळ्या तालुक्यात हाय. सगळ्या तालुक्याच्या मधी तूच बसला व्हतास व्हय?"

"मंजे तुमचं काय म्हननं न्हाय?"

"माजं काय न्हाय. देवाचं देवाला म्हाईत."

"त्येचं बी झालंय म्हनत्यात," तात्या म्हणाले, आणि परत फिरले. वाटेत मला म्हणाले, "त्येला ठावंच नव्हतं रं काय र्‍हायलंय. मीच आपला डोक्यावर घिऊन फिरतोय."

पुढच्या सकाळी बारामतीला निघायचं होतं. तात्या नुसतं "चला" म्हणाले होते, बाकी काही नाही. म्हणून मी हौद्यात पोती अंथरली आणि केबिनच्या दांडीला जाड दोर बांधला. तात्या धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांनी दोर बघितला, पोती बघितली, वळसा घालून पुढं आले, केबिनचं दार उघडलं आणि आत बसले.

टेम्पोच्या स्प्रिंगच्या पाट्यांनी असा सुस्कारा सोडला की गोठ्यातल्या गायींनी माना वर केल्या.

"बसलं!" आई ओरडत अंगणात आली. "आगं बाया, बसलं की हे!" तिच्या आवाजानं वस्ती गोळा झाली. कुणीतरी दिवाळीच्या उरलेल्या फटाक्यांची माळ लावली. एका म्हाताऱ्यानं खिडकीतून आत डोकं घालून खात्री करून घेतली.

"बगतोस काय?" तात्या मला म्हणाले. "चालव."

केबिनमध्ये दोघांचीच जागा, त्यामुळं आई पोत्यांवर बसली आणि बायको तिच्यापुढं दांडीला धरून उभी राहिली. भिगवणच्या पुढं लोकांनी तिलाही हात जोडले. यंदा बाईला तिकीट दिलेलं दिसतंय, असं एकजण म्हणालासुद्धा.

तात्या मांडीवर हात ठेवून काचेतून बाहेर बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "किती बरं वाटतंय रं. लोकं रोज असंच जात्यात व्हय?"

मला रस्ता नीट दिसेना. काच खराब होती म्हणू या.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर होतो. आधी मी देवापुढं मागणं मांडायचो ते अर्ज घेऊन साहेबाच्या दारात उभं राहिल्यासारखं, आपला नंबर लागेल का, आपली बोलायची रीत चुकेल का, अशा धाकात. त्या दिवशी असं काही वाटलं नाही. आत आपला माणूस बसलेला आहे. त्यानं आपली सगळी हकिगत आधीच कानावर घातलेली आहे, आणि तो स्वतः एकदा थरथरलेला आहे, त्यामुळं भ्यालेल्या माणसाचं त्याला समजतं. मी फार काही बोललो नाही. बसून राहिलो. बायकोनं बिस्किटं दिली ती खाल्ली. आईसुद्धा पदर तोंडाला लावून "त्येला सांग की वाईच आमचं बी" असं सुनेला दोनदा म्हणाली.

डॉक्टर बाहेर आले आणि सगळं ठीक झालं म्हणाले. मी त्यांना अशी मिठी मारली की त्यांनाच तपासायची वेळ आली असती.

दुसऱ्या दिवशी तात्यांना खुर्चीत बसवलं. सांगितलेला वेळ संपला तशी नर्स आली. "चला बाबा, आता कॉटवर."

"जरा थांबा, बाई," तात्या म्हणाले. "चैतापासनं बसायचं साचलंय."

मान आता आमच्याकडं नाही. तात्यांनी घरी आल्यावर भावकीला बोलावून सुरी त्यांच्या स्वाधीन केली. त्यांनी ती आनंदानं घेतली, आणि जत्रा अजून भरते. मला त्यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. तिथं उभी राहिलेली माणसं माझीच आहेत, आणि त्यांच्या पोटातली भीती मी जवळून पाहिलेली आहे. तात्या ख्रिस्ती झाले का, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, त्यांनाच विचारा. ते म्हणतात, "बसलेल्याला इचारा." सूनबाईला मात्र रोज एक प्रश्न असतो. परवा विचारत होते, येशू मेला तेव्हा देवळातला तो पडदा फाटला, तो वरनं खाली का खालनं वर. ती म्हणाली वरून खाली. "मंजे देवानंच आतनं मोकळीक दिली," असं म्हणून दिवसभर खूश होते.

पण सांगायचं राहिलंच. आम्ही दवाखान्यात असतानाच एका दुपारी आबा भेटायला आले. पिशवीत पेरू होते. बसले, चौकशी केली, मग पिशवीचे बंद उगाच पिळायला लागले.

"तात्या, सांगू का नगं कळंना," ते म्हणाले. "फुगवट्यावरची आमची पान्याची मोटार जळाली."

आबांचं घर राहिलेल्यांतलं. आई उठून उभी राहिली. मी आबांना डोळ्यांनी खुणावत होतो, पण आबांना लांबचं दिसत नाही आणि जवळचं समजत नाही. तात्यांच्या उशाशी छातीचे ठोके दाखवणारी हिरव्या रेघेची पेटी होती. मी रेघेकडं बघत राहिलो. रेघ आपली चालली होती तशीच चालली होती.

"जळाली?" तात्या म्हणाले. "मंग वायंडिंग भरायला टाक की."

"टाकलीया. इंदापूरला."

"त्यो भरतोय का नीट?"

"भरतोय, पर लई वाट बगायला लावतोय. तवर उसाला पानी न्हाय."

"आमच्या पाइपातनं घे. हा हाय की हितं," तात्यांनी माझ्याकडं बोट केलं, "ह्यो दील जोडून."

"दील का?"

"द्येतोय. न दिऊन सांगतोय कुनाला."

बायकोनं पेरू कापून फोडी पुढं ठेवल्या. आबा स्टार्टरचं सांगायला लागले, लाईट कशी कमी दाबानं येते ते सांगायला लागले, वायरमनचा उद्धार करायला लागले. तात्या एकेक फोड तोंडात टाकत "हां, हां" करत ऐकत होते. शेजाऱ्याची मोटार जळाल्यावर कुणीही ऐकतं, तसं.